बिल्ला नंबर चौदा

पाली,
१८ जून

चि. नम्रता,

अनेक आशीर्वाद. तुझं पार्सल सोमवारी पोचलं. साडीचा रंग माझ्या वयाला शोभेल असा निवडलास, नाहीतर हल्ली मुली आम्हाला पोपटी नेसवायला बघतात. काल तुझ्या आईकडे जाऊन आले. ती सकाळी नीट जेवते, संध्याकाळी कंटाळा करते. तुमच्या घरामागच्या दगडी गडग्याचे दोन चिरे ढासळलेत, केरूला सांगितलंय. तो उद्या म्हणाला, म्हणजे आठवडा धर.

साडीबरोबर चिठ्ठी होती, "मावशी, शेवटी तुम्ही आप्पांजवळ होतात, तेवढंच आम्हाला समाधान." फोनवरही तू हे तीनदा म्हणालीस आणि तीनदा मी "अगं, त्यात काय" म्हटलं. चौथ्यांदा माझ्याच्याने म्हणवणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आप्पा आमच्या दवाखान्यात अकरा वाजून दहा मिनिटांनी बाकावरून खाली कोसळले. डॉक्टर मॅडमनी लगेच छाती दाबायला घेतली, मी मोठ्याने आकडे मोजत होते, नर्स अक्षयाने एकशे आठला फोन केला. गाडी बावीस मिनिटांत आली. रत्नागिरीला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हे तुला माहीत आहे. पण आप्पा दवाखान्यात आले दहा वाजून वीस मिनिटांनी. मधली पन्नास मिनिटं तुला कोणी सांगितलेली नाहीत, कारण ती फक्त मला माहीत होती.

दारातूनच म्हणाले, "काय गो मालन, छातीत जलजलताय. काल फणसाची भाजी जरा जास्तच झाली." मी हसले. चौदा नंबरचा बिल्ला दिला. आत सहावा नंबर होता. थोड्या वेळाने बघते तर जबडा चोळत बसलेले. मी म्हटलं, "आप्पा, दाताचे डॉक्टर शेजारच्या गाळ्यात." तेही हसले. सदऱ्याची पाठ भिजली होती. मे महिन्यात पालीत कोणाची भिजत नाही? पण ते पंख्याखाली बसले होते, नम्रता. मी ते पाहिलं होतं.

पित्तावर आपल्याकडे जे करतात तेच मी केलं. डब्याबरोबर आणलेलं कोकमाचं सरबत त्यांना दिलं. ते प्यायले आणि म्हणाले, "आता बरा वाटताय." मलाही तेच ऐकायचं होतं.

मला कळत नव्हतं असं समजू नकोस. जानेवारीत रत्नागिरीहून एक सर येऊन आम्हाला शिकवून गेले होते. छातीत जळजळ, जबडा किंवा हात दुखणं, गार घाम, यातलं काहीही दिसलं तर नंबर बघायचा नाही, माणूस सरळ आत न्यायचा. शेवटी त्यांनी दहा प्रश्नांचा कागद दिला. माझे नऊ बरोबर आले आणि ते मी घरी येऊन सांगितलंही.

आदल्या दिवशी मी तसंच केलं होतं. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या एका बाईला नंबर डावलून आत नेलं. गॅस निघाला. बाहेरच्यांनी गलका केला, आणि मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मालनताई, डॉक्टर तुम्ही की मी?" लोक हसले. एकोणीस वर्षं नंबर देण्याच्या त्या खुर्चीवर बसतेय मी. मला फार लागलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी आप्पांकडे बघून मी उठले, मॅडमच्या दारापर्यंत गेले, पडद्याला हात लावला आणि परत येऊन बसले. पुन्हा हसं व्हायला नको म्हणून. फक्त एवढ्यासाठी. ते पडले तेव्हा आत बारावा नंबर होता.

मी त्याच संध्याकाळी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तसं बोलायला नको होतं." त्यांचं त्यांच्यापाशी. माझं मी तुला लिहितेय. त्या वेळी आत नेलं असतं तर आप्पा वाचलेच असते असं त्या म्हणत नाहीत. नसतेच वाचले असंही म्हणत नाहीत.

परवा करबुडे गावचा एक म्हातारा खांदा दुखतो म्हणाला. तोंड पांढरं पडलेलं. मी त्याला हाताला धरून आत घेऊन गेले. मॅडमनी ईसीजी काढला. काही निघालं नाही. मी बाहेर येऊन पुढचा नंबर पुकारला.

साडीच्या घडीत तू बिल्ला ठेवला होतास, "आप्पांच्या खिशात सापडला, दवाखान्याचा आहे, परत द्यायचा राहिला." चौदाच नंबरचा. महिनाभर मी तेराच्या पुढे पंधरा पुकारतेय आणि लोकांना वाटतं बाईंना मोजता येत नाही. तो मी बिल्ल्यांच्या खोक्यात टाकलेला नाही, टाकणारही नाही.

साडी या पत्रासोबत परत पाठवतेय. हे वाचूनही द्यावीशी वाटली तर गणपतीत येशील तेव्हा स्वतःच्या हाताने दे. नाही वाटली तर दारावरून पुढे जा, मी हाक मारणार नाही. आईकडे मात्र मी रोज जाईन, तू नको म्हणेपर्यंत.

तुझ्या आप्पांना थांबवून ठेवणारी,
मालन