बाबांच्या आवाजाची फाईल

९ मार्च, रविवार. सकाळ.
बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला बरोबर दोन आठवडे राहिले. पत्रिका छापून आल्या. मजकूर अर्थात माझा: 'कालकथित भिवाजी यांची जीवनकथा, त्यांच्या स्वतःच्या आवाजात. संकल्पना व ध्वनिमुद्रण: प्रेमानंद सर.' आमच्या कुरुंदा गावात असा कार्यक्रम आजवर झालेला नाही.

रेकॉर्डिंग एकदा तपासावं म्हणून बाबांच्या खोलीत जाऊन कॉम्प्युटर लावला. चालू होतो. कंपनीचं चिन्ह येतं, खाली ठिपके गोल फिरतात, मग स्क्रीन काळा. पुन्हा आपोआप चालू. पुन्हा काळा. असा खेळ बराच वेळ. किरकोळ बिघाड दिसतो. तासाभराचं काम. माझं एमएससीआयटी झालेलं आहे.

त्याच दिवशी, दुपार.
तास कमी पडला. ऊन फार आहे.

इथे एक नोंद करून ठेवतो. रेकॉर्डिंगची दुसरी कॉपी नाही. माझ्या बहिणीनं, राणीनं, तेव्हाच मागितली होती. ती परभणीला बाळंतपणात अडकलेली, सिझेरियन झालेलं, बाबांच्या शेवटच्या दिवसांत तिला येता आलं नाही. मी म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅपवर क्वालिटी जाते, वर्षश्राद्धाला, म्हणजे स्मृतिदिनाला, सर्वांसमोर एकदमच ऐकू. पेन ड्राईव्हवर ठेवलं नाही, कारण पेन ड्राईव्हला व्हायरस येतो. हा निर्णय तेव्हा योग्यच होता.

मीही ते नंतर ऐकलेलं नाही. वेळ मिळाला नाही. पण आठवतं सगळं. बाबा त्या दिवशी अखंड बोलले होते.

१० मार्च, सोमवार.
यूट्यूबवर पाहून कॉम्प्युटरची पेटी उघडली. रॅम काढून खोडरबरानं घासली. पुन्हा बसवली. चालू, चिन्ह, ठिपके, काळा. खोडरबर शाळेच्या पुरवठ्यातलं होतं, त्यामुळे फरक पडला नसावा. उद्या चांगल्या कंपनीचं आणणार.

पेटीवर पांढरा कपडा पुन्हा नीट अंथरला, बाबांचा फोटो जागेवर ठेवला. फोटो तिथेच शोभतो, उंची बरोबर येते, आणि मी काम करताना त्यांची नजर माझ्यावर राहते. संध्याकाळी नेहमीप्रमाणे समोर मेणबत्ती लावली. वाकून त्रिशरण म्हटलं.

११ मार्च, मंगळवार. पहाट.
कॉम्प्युटर आपोआप चालू झाला. कोणीही हात लावलेला नाही. खोलीच्या दाराखालच्या फटीतून उजेड आला, गेला, आला. बाबा याच वेळेला उठायचे.

कारण स्पष्ट आहे. रात्री गेलेली लाईट पहाटे आली, की अशा मशीन स्वतः चालू होतात. सौभाग्यवतीला हे समजावून सांगितलं. बाबांना ती मामा म्हणते. म्हणाली, लाईटचं मला कळतं, पण तो पंखा मामाच्या श्वासावानी काहून वाजून राहिला. मी म्हटलं, पंख्याला श्वास नसतो. नंतर कान देऊन ऐकलं. शेवटी शेवटी बाबांना धाप लागायची, एक लांब, दोन आखूड. पंखा जुना झाला की असाच वाजतो.

आजपासून ओट्यावर झोपणार. उकाडा वाढला आहे.

१२ मार्च, बुधवार.
शाळेत नववीच्या वर्गाला 'वैज्ञानिक दृष्टिकोन' या विषयावर बोललो. भूत ही मनाची निर्मिती. आपल्या धम्मात आत्म्याला जागाच नाही. पोरं अगदी शांत बसली होती. घंटा झाली तरी मी सोडलं नाही.

घरी येऊन बाबांच्या खोलीत गेलो. जाण्याआधी दार वाजवलं. बिजागऱ्या सैल झाल्या आहेत का, ते पाहायचं होतं.

आज दोन मेणबत्त्या लावल्या. लाईटचा भरवसा नाही.

१३ मार्च, गुरुवार.
चालू, चिन्ह, ठिपके, काळा. आज जरा जास्तच लवकर काळा.

आईला कॉम्प्युटरचं काही कळत नाही. पण ती येऊन खाटेच्या कडेवर बसली आणि बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, दारापतूर येऊन माघारी जाऊन राहिले बाप्पा ते. मी विचारलं, कोण? ती उठून गेली.

ठराव: या घरात अंधश्रद्धेला थारा द्यायचा नाही. उद्या आईशी सविस्तर बोलणार.

तीन मेणबत्त्या. एक आईच्या समाधानासाठी.

१५ मार्च, शनिवार.
पेटी घेऊन वसमतला हरिचंदच्या दुकानात गेलो. त्यानं झाकण न उघडताच सांगितलं, सर, टेन्शन घेऊ नका, विंडोज गेली आसंल. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावतो, डाटा बराबर निघतो. आज ठेवून जा, उद्या या.

विचार केला. हार्ड डिस्क काढायची म्हणजे पेचकस लावून आतलं बाहेर घ्यायचं. आणि रात्रभर दुकानात ठेवायचं, शटर लावून, फुटक्या प्रिंटरांच्या शेजारी. मी नाही म्हटलं. डेटाची गोपनीयता हा गंभीर विषय आहे. हरिचंद माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, सर, त्याच्यात हाय काय? मी म्हटलं, वडील. मग दुरुस्ती केली: वडिलांचं रेकॉर्डिंग.

परत येताना ऑटोत पेटी मांडीवर घेतली. ड्रायव्हर म्हणाला, मागं टाका की सर. मी टाकली नाही. हादरे बसतात. उन्हाच्या बाजूनं रुमाल धरला. जाताना वाटेत हळदीची रानं दाखवायची बाबांना सवय होती, कुणाची कशी निघाली ते सांगायचे. या वेळी मीच सांगत आलो, अर्थात मनातल्या मनात. ड्रायव्हरनं दोनदा आरशातून पाहिलं, त्याचं कारण वेगळं असावं.

१७ मार्च, सोमवार.
शेजारी हळद शिजते आहे. बॉयलरची वाफ खिडकीतून सरळ बाबांच्या खोलीत येते. गेल्या वर्षी याच वासात ते गेले. डोळ्यांतून पाणी आलं. वाफेनं येतं.

आज नवीन पद्धत. पेटीजवळ बसून बिघाड मोठ्यानं वाचून दाखवायचा. तज्ज्ञ लोक असं करतात. मी म्हटलं, बाबा, हे बघा, आता तुम्ही चालू होणार, मग ठिपके येणार, तेव्हा घाबरायचं नाही, थांबायचं. सौभाग्यवती दारातून ऐकत होती. तिला सांगितलं की याला ट्रबलशूटिंग म्हणतात. ती म्हणाली, व्हय, पण त्येंला उत्तर द्यायला टाईम तर देत जा.

१८ मार्च, मंगळवार.
आईशी सविस्तर बोललो. ती म्हणते, त्येंला काई सांगायचं ऱ्हायलं आसंल, तू जरा गप बसून बघ. मी तिला अनित्य, अनात्म, प्रतीत्यसमुत्पाद असं क्रमानं समजावलं. बरंच पटलेलं दिसलं. अर्ध्यावर डोळा लागला तिचा.

त्यानंतर गप बसून पाहिलं. प्रयोग म्हणून. पंखा: एक लांब, दोन आखूड. मग काळा स्क्रीन, त्यात माझं तोंड. कपाळ, कानाच्या पाळ्या, सगळं बाबांचं. हे आधी कधी लक्षात आलं नव्हतं. लवकर उठून बाहेर आलो, कारण वह्या तपासायच्या होत्या.

मेणबत्त्या आता मोजत नाही.

२० मार्च, गुरुवार.
राणीचा फोन. उद्या संध्याकाळपर्यंत पोचते, लेकराला घेऊन. म्हणाली, दादा, जेवणाचं, मंडपाचं मला काई नगं सांगू. फक्त बाबांचा आवाज एकदा ऐकव. मी पोरीला सांगून ठेवलंय, तुझा आजा बोलणार म्हणून. एक वर्षाच्या लेकराला काय कळतं? पण मी तसं म्हटलं नाही. म्हटलं, सगळं तयार आहे.

तयारच आहे. फक्त चालू होत नाही.

सेफ मोड करून पाहिला. तोही ठिपक्यांपर्यंत येऊन गेला. या क्षणी मला खरोखर भीती वाटली. भुताची नव्हे. फाईलची. राणी समोर बसणार, पोरगी मांडीवर, आणि मी काय लावणार?

२१ मार्च, शुक्रवार. दिवेलागण.
पर्यायी योजना सापडली. बाबांचा आवाज मला हुबेहूब काढता येतो. लहानपणापासून. अगदीच वेळ आली तर पडद्यामागून मीच बोलेन, लोकांना कळणार नाही. राणी यायच्या आत सराव करावा म्हणून त्यांच्या खोलीत गेलो. लाईट गेलेली. त्यांच्या खाटेवर बसलो. घसा खरवडला आणि ते आईला हाक मारायचे तसं म्हटलं, भागू, पाणी आन गं.

थोड्या वेळानं आई आली. हातात तांब्या. दारातच थांबली. अंधारात तिला मी नीट दिसलो नसावा. तिनं पदर सावरला आणि तांब्या पुढे केला. मी घेतला नाही. मला घेता आला नाही. मग तिनं ओळखलं. तांब्या खाली ठेवला, आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आवाज उत्तम जमतो. पुन्हा काढणार नाही.

राणी आली. आईच्या गळ्यात पडून रडली. मी मंडपवाल्याला फोन करत होतो.

२२ मार्च, शनिवार.
उद्या पाहुणे, म्हणून आई सकाळपासून घर आवरते आहे. बाबांच्या खोलीत शिरली. फोटो उतरवला, पांढरा कपडा धुवायला टाकला, आणि पेटीवर काय हे मेणाचं लोंबाळं करून ठेवलं म्हणून मला बोलली. खरंच, वरून पुढच्या बाजूला पार खालपर्यंत ओघळ आले होते, वाळलेले. आईनं भाकरीच्या उलथन्यानं खरवडून काढले. बटणांच्या खाचेत गेलेलं मेण सुईनं टोकरलं. रीस्टार्टचं बटण आत रुतून बसलं होतं, ते टक्कन बाहेर आलं. मी आईला सांगितलं, अशा नाजूक यंत्राला उलथनं लावत नसतात.

नंतर मी कॉम्प्युटर लावला. चिन्ह. ठिपके. ठिपके. आणि विंडोज उघडलं. निळं आकाश, त्यावर माझे फोल्डर. पंधरा मिनिटं झाली तरी चालूच.

गुरुवारी सेफ मोडमध्ये मी जे केलं होतं, त्याचा परिणाम दिसायला दोन दिवस लागले. तंत्रज्ञानात संयम लागतो. सौभाग्यवतीला हे सांगितलं. ती आईच्या हातातल्या उलथन्याकडे बघून हसली. का, ते कळलं नाही.

फाईल आहे. 'बाबा_जीवनकथा_अंतिम'. राणी म्हणाली, दादा, आत्ताच लाव. मी म्हटलं, उद्या सर्वांसमोर. खरं म्हणजे माऊसवरचं माझं बोट क्लिक करायला गेलं होतं आणि थांबलं. फाईलवर क्लिक करणं आणि त्यांच्या खोलीत जाऊन त्यांना उठवणं यांत मला काही फरक वाटेना. हे थकव्यामुळे.

२३ मार्च, रविवार. कार्यक्रमानंतर.
उपस्थिती चांगली. भंतेजींनी वंदना घेतली. प्रास्ताविक मी केलं. जरा लांबलं. मग स्पीकरला जोडून फाईल लावली. राणी अगदी पुढे, पोरगी मांडीवर. आई खांबाला टेकून.

पहिला आवाज माझा. 'नमस्कार, जयभीम. आज आपल्यासमोर आहेत...' ठीक. ओळख करून द्यावीच लागते. मग मी बाबांना विचारलं, बाबा, तुमचं बालपण अत्यंत हलाखीत गेलं ना? बाबा म्हणाले, व्हय. मग त्यांचं बालपण मी सांगितलं. मग विचारलं, तुम्ही गावच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचात, तो काळ कसा भारलेला होता? बाबा म्हणाले, आता काय सांगू, एकदा आमी साखऱ्याला गेलतो, तवा... तिथून पुढे साखऱ्याचं मी सांगितलं. माझे उच्चार स्पष्ट आले आहेत. हळदीची मजुरी, माझं शिक्षण, माझी नोकरी, माझा आदर्श शिक्षक पुरस्कार. मधून मधून बाबा: व्हय. व्हय. बराबर हाय.

अर्धा तास असाच गेला. मागे कुणीतरी खोकलं. मग दुसरंच कुणीतरी हसलं, आणि कुणीतरी त्याला गप केलं. मी वाट पाहत होतो की आता बाबा बोलायला लागतील. मला पक्कं आठवत होतं की ते बोलले होते.

मग रेकॉर्डिंगमध्ये माझा फोन वाजला. एका मिनिटात आलो, असं म्हणून मी बाहेर गेलो. चपलांचा आवाज लांब गेला.

खाट करकरली. आणि बाबा म्हणाले, गेला का त्यो?

मंडपात सगळे हसले. मीही हसलो. आईचा आवाज: गेला. बोला आता.

मग बाबांनी श्वास घेतला. एक लांब, दोन आखूड. म्हणाले, राणीला सांगायचं व्हतं. राणी झाली त्या साली. असं म्हणून थांबले. घसा साफ केला. हसले जरा स्वतःशीच. म्हणाले, ऐक, राणी झाली त्या साली.

चपला. माझा आवाज: बाबा, तुम्ही थकलात, आता आपण इथे थांबू. टक्.

पोरगी स्पीकरकडे बोट दाखवत होती. राणी उठली, आभार प्रदर्शनाचीही वाट न पाहता माऊस हातात घेतला आणि तेवढाच भाग पुन्हा लावला. मग पुन्हा. माणसं जेवायला गेली तरी लावत होती. तिनं आईला विचारलं, काय सांगणार व्हते? आई म्हणाली, मला काय ठाव बाई, मीबी ऐकायलाच बसले व्हते. नंतर म्हणले न्हाईत.

मग राणीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. म्हणाली, दादा, तू इतक्या लवकर माघारी काहून आला?

उत्तर माझ्याकडे होतं. हार्ड डिस्क भरत आली होती. मी ते दिलं नाही.