शोल्याच्या गोळ्यांची पेटी

चार वर्षं झाली, नूपुर घरी आलेली नाही, आणि दीर भालचंद्र सगळ्यांना सांगत सुटलेत की वहिनीच भांडकुदळ. आहे मी. पण दोन जानेवारीला माझं ऑपरेशन आहे, तेव्हा लिहूनच ठेवते.

मी, वैशाली शरच्चंद्र पारसनीस, वय ५४, शिक्षण चौथी, राहणार बालीगंज, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. एवढं घालायलाच हवं, असं वकील म्हणाले.

१. राहता फ्लॅट व बँकेतली ठेव माझी मुलगी नूपुर हिची.

२. भालचंद्र भावोजींना माझा मिथेनच्या रेणूचा, गोळे-काड्यांचा पहिला नमुना द्यावा. हे, म्हणजे नूपुरचे बाबा, रसायनशास्त्राची शिकवणी घेत, तिच्यासाठी केला होता. पुस्तकातलं चित्र बघून मी चारी काड्या फुलीसारख्या सपाट लावल्या. भावोजी म्हणाले, "वहिनी, चौथीत एवढंच शिकवतात का?" ह्यांनी चार फुगे बुडाशी एकत्र बांधून माझ्या हातात दिले. "बघ, एकमेकांना ढकलून कुठे जातात." एकही सपाट राहिला नाही. मी काड्या उपटून त्या फुग्यांसारख्या टोचल्या. एकशे साडेनऊ अंश. पुढे मला कोनमापक लागला नाही.

३. सुरी, बांबूच्या काड्या, रंग शेजारच्या मीनाला. तिचा हात चांगला आहे.

४. पेटी. बंगाली नवरदेवाचा मुकुट करतात त्या हलक्या शोल्याचे, म्हणजे पाणवनस्पतीच्या पांढऱ्या गाभ्याचे गोळे, बावीस वर्षांचे नमुने. नूपुर नऊ वर्षांची असल्यापासून मी काडी उचलायच्या आत आकार सांगायची.

"अमोनिया?"

"तीन पायांचं स्टूल. पाय जरा आत."

"आत का गं?"

"वर इलेक्ट्रॉनची न दिसणारी जोडी बसलीय ना, आई. तिला जास्त जागा लागते."

अजून पोळ्या लाटताना ऐकू येतं.

हे गेल्यावर तिने एम.एस्सी. सोडून नोकरी धरली. मी म्हटलं, वडिलांचं नाव बुडवलंस, परत येऊ नकोस. मी चुकले. हे लेखी देते.

पेटी कुरिअरने पाठवू नये. काडी हलली की कोन बिघडतो. नूपुरच्याच हाती द्यावी, आणि शक्यतो मी असताना.

साक्षीदार : विनीता देवस्थळी, जयप्रकाश मोघे
सही : वै. श. पारसनीस
बालीगंज, कोलकाता, ८ डिसेंबर २०२४

सहीखाली लिहू नये म्हणतात, तरी लिहिते. नूपुर, पेटी न्यायला येतेस की नाही, ते ३१ डिसेंबरपर्यंत मला सांग. काकांकरवी नको, स्वतः सांग.