कूलरमधला पाऊस

पितिकितो,
ता. २ जून १९८६

ती. ओब्दुलियाताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या गुळाच्या पोळ्या, त्या कोयोता, पोचल्या. वाटेतच मोडल्या होत्या, त्यामुळे दोन दिवसांत संपवल्या हे पाप माझ्या माथी मारू नकोस.

विशेष लिहायचं ते इरासेमाबद्दल. गेल्या उन्हाळ्यात नात माझ्याकडे आली आणि तिसऱ्याच दिवशी तिचा दमा असा उसळला, की उचलून दवाखान्यात न्यावी लागली. आता सूनबाई म्हणते, घरातली धूळ निघाल्याशिवाय पोरीला पाठवणार नाही. ग्रिसेल्दाचं चुकतंय असं नाही. पण ताई, पोर नऊ वर्षांची झाली. अजून दोन-तीन उन्हाळे, मग आजोबाची गंमत कुठली वाटायला!

म्हणून मी कंबर कसली आहे. प्रत्येक खिडकीच्या फटीला खळ लावून वर्तमानपत्र चिकटवलं. सकाळ-संध्याकाळ केरसुणी फिरवतो. वाळवंट बाहेर, मी आत, आणि कूलर दिवसभर चालू. एक गुपित सांगतो. कूलरच्या गवतात मी रानातल्या गोबेर्नादोराच्या झुडपाच्या फांद्या खुपसतो. ओलं वारं सुटलं की घरभर पावसाचा वास! शाळेत आपण बाकावर उभं राहून पावसाची कविता म्हणायचो आणि बाहेर आठ-आठ महिने थेंब नसायचा, आठवतं? डोळे मिटून खुर्चीत बसलो की सगळा वर्ग भोवती जमतो. हल्ली सकाळी शिंका फार येतात, पण ते वयाचं.

तू ग्रिसेल्दाच्या शेजारीच राहतेस. माझ्यासाठी एक शब्द टाक.

तुझ्या मायेवर अजून हक्क सांगणारा,
एवारिस्तो

*

ग्वाइमास,
ता. ११ जून १९८६

चि. एवारिस्तोस,
अ. आ. (अडुसष्टाव्या वर्षीही तू मला चि.च.)

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा कपाळाला हात लावला. तुला कविता सुचली की घरात काहीतरी कुजत असतं, असं आई म्हणायची, ते उगाच नाही.

अरे वेड्या, छातीच्या रुग्णालयात मी तीस वर्षं चादरी आणि फरश्या सांभाळल्या. शिंका वयाने येत नाहीत. गादीत राहून दमा उठवणारे बारीक किडे असतात, डोळ्यांना न दिसणारे. आपली कोरडी हवा त्यांना जगू देत नाही, आणि तू त्यांना दिवसभर पाणी पाजतोयस! कूलरचं ओलं वारं आत आलं की बाहेर पडायला त्याला खिडकी चार बोटं तरी उघडी लागते. तू तर चिकटवून टाकल्यास. मग भिंतींना बुरशी नाही येणार तर काय गुलाब फुलणार? आणि कोरड्या केरसुणीने धूळ जात नाही बाबा, पलंगावरून उठून कपाटावर बसते. ओलं फडकं घे.

कागद फाड. जुनं गवत टाकून दे, टाकी रिकामी करून घासून काढ. लोकरीची घोंगडी पोरीच्या खोलीतून हलव, चादरी उकळत्या पाण्यात घाल, गाद्या उन्हात टाक. ऊन तरी तुझ्याकडे मुबलक आहे. तिच्या खोलीत कूलरचं वारं नकोच, पंखा पुरे. थोडी वाळू आत आली तर येऊ दे, पुसता येते. पावसाचा वास हवा असेल तर रानात जाऊन हुंग.

शब्द मी टाकणार नाही. आधी घर.

रागावलास तरी पत्र लिही, माझा जीव लागून राहतो.
तुझी,
ओब्दुलिया

*

पितिकितो,
ता. २७ जून १९८६

चि. सौ. ग्रिसेल्दास,
अ. आ.

मुली, हे पत्र मी तीनदा फाडलं.

घर स्वच्छ झालंय. ताईने सांगितलं तसं सगळं केलं, हात सोलवटून निघाले. खिडक्या उघड्या आहेत, इरासेमाच्या खोलीत खाट, सुती चादर आणि पंखा, एवढंच. तिथपर्यंत लिहून थांबलो असतो तर बरं दिसलं असतं.

पण कूलर उघडला तेव्हा गवतावर काळी-हिरवी बुळबुळ होती. नंतर तिची खाट सरकवली, तर उशीच्या बाजूची भिंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली. गेल्या वर्षी पोर यायची म्हणून मी पहिल्यांदाच कूलरमध्ये ओल्या फांद्या घातल्या होत्या. तिला पावसाचा वास द्यावा, ही हौस. वास बाहेर जाऊ नये म्हणून तिच्या खोलीची खिडकीही मीच घट्ट लावली होती. रात्री ती खोकायला लागली, तेव्हा मला वाटलं वाळू आली असेल, आणि मी कूलर आणखी जोरात केला.

तू वर्षभर वाळवंटाला दोष देत होतीस. मी ऐकून घेत होतो. पोरीचा श्वास वाळवंटाने नाही, मी कोंडला.

हे वाचून तिला कधीच पाठवू नये असं वाटलं, तर तुझा शब्द मला मान्य आहे. ठिपके चुन्याने झाकण्याआधी तुला सांगावं वाटलं. भिंत आता खरवडली आहे, उन्हाने वाळलीही आहे, पण तू येऊन बघेपर्यंत चुना लावत नाही.

आशीर्वाद देण्याचा अधिकार उरला असेल तर तो तुम्हा दोघींना.
एवारिस्तो

*

ग्वाइमास,
ता. ४ जुलै १९८६

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप राग आला. भांडी घासताना एक बशी फुटली, ती तुमच्या नावावर. ओब्दुलियाआत्या म्हणाल्या, अजून दोन फोड, त्याची तीच लायकी आहे.

मग सकाळी बसून पुन्हा वाचलं. बाबा, कपाटावर धूळ असती तर मी बोट फिरवून ओळखली असती. भिंतीचं मला कधीच कळलं नसतं. चुना लावून तुम्ही गप्प बसला असता, तर मी पोरीला हसत पाठवलं असतं. तिकडे काही झालं तर तुम्ही मला खरं सांगाल की नाही, एवढीच माझी वर्षभराची धास्ती होती. धुळीचं मी निमित्त करत होते.

पुढच्या शनिवारच्या बसने इरासेमाला घेऊन येते. तिचा श्वास आखडायला लागला तर पहिल्यांदा काय दिसतं, पंप कसा द्यायचा, आणि किती वेळ वाट बघून डॉक्टरांकडे पळायचं, हे सगळं तुम्हाला शिकवते. वहीत लिहून घ्या, पाठ करू नका. तुमच्या पाठांतरावर माझा विश्वास नाही, तुम्ही मध्येच स्वतःच्या ओळी घालता.

रविवारी दुपारच्या बसचं एकच तिकीट काढलं आहे, माझं.

तब्येतीला जपा, आता तुमच्यावर एक जीव सोपवायचा आहे.
तुमची,
ग्रिसेल्दा