चटई उचलायची घाई

प्रिय लुपे,

टाळ्या वाजवून माझे हात अजून झणझणतायत, आणि तरी मला तुझा राग आलाय. काल तुझ्या नाटकाच्या तालमीला शेजारची सेलेसा माझ्याजवळच बसली होती. तू म्हातारी होऊन आलीस तशी म्हणाली, "अगदी तुझ्यासारखी चालते गं, बदकासारखी." मी म्हटलं, "तुझ्या घरात तर बदकही नाही." इतका आनंद झाला होता, म्हणून तिला तारोचा उकडलेला कंदसुद्धा दिला माझ्या टोपलीतला.

मग इफोंगाचा, त्या माफीच्या रिवाजाचा प्रवेश आला. ट्रकवाल्याच्या घरची माणसं माफी मागायला तुझ्या अंगणात बसलेली, घरातली सगळ्यात मोलाची चटई डोक्यावरून ओढून. त्या ट्रकखाली नाटकातला तुझा नवरा गेलेला. आणि तू काय केलंस? डोळे पुसलेस, धावलीस आणि वाळत घातलेली चादर ओढावी तशी चटई काढलीस. तुमच्या तालीम घेणाऱ्या बाई म्हणे विचारतात, पात्राला काय हवंय. तू सांगितलंस, "तिला क्षमा करायचीय." कुणी सांगितलं तुला हे? शनिवारी सगळ्या गावासमोर असंच करणार आहेस का?

तिला क्षमा करायची नाहीये, पोरी. तिला दगड मारायचाय, आणि दगड पायरीजवळच पडलाय. ऊन चढतंय. चटईखालची माणसं चुलीतल्या डुकरासारखी वाफाळतायत, त्यांना ठाऊक नाही हात येईल की दगड. गावचे प्रमुख, ते मताई, नुसते घसा खाकरतात. सगळे तिच्याकडेच बघतात, आणि तिला सगळ्यात जास्त संताप त्या बघण्याचाच येतो. शहाणी बाई चटई उचलून माफ करेल म्हणे! का म्हणून? मग चटईखालून कुणीतरी खोकतं. म्हाताऱ्या बाईचा कोरडा खोकला, त्या ट्रकवाल्याच्या आईचा. तेव्हा ती उठते. चटई अशी आवळून धरते की कडेची लाल पिसं तिच्या मुठीत उपटून येतात.

तू मागे फोनवर विचारलंस, आजोबाही असेच ट्रकखाली गेले तेव्हा आपल्या अंगणात काय झालं होतं. मी म्हटलं कोको करपतोय, आणि फोन ठेवला. कोको चुलीवर नव्हताच. ती पिसं माझ्या पेटीत आहेत, तुझ्या आईलाही माहीत नाही. ट्रकवाला अजून रविवारी पायरीवर ब्रेडफ्रूट ठेवून जातो. मी ते भाजून खाते, आणि त्याच्याशी बोलत नाही. शनिवारी मी पुढेच बसणार आहे. राग जायची वाट बघू नकोस, तो जात नाही. रागासकट उचल.

तुझीच, बदकासारखी चालणारी,
फिलोई आजी