पावलोवा कुणाचा?

मंगफ, कुवेत
१८ मार्च १९९०

ती. प्रभाताईस धाकट्या शलाकाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, काळजी करू नकोस. आईच्या गुडघ्यांना तेल लावायला कुणी मिळालं का?

शुक्रवारी आमच्या हॉस्पिटलातल्या मॉरीननं जेवायला बोलावलं होतं. ती न्यूझीलंडची. मी इथे नवीन असताना तापानं फणफणले, तेव्हा तिनंच उशाशी बसून मला सूप पाजलं. तिनं पावलोवा केला होता. अंड्यातला पांढरा बलक साखर घालून फेटायचा, भाजायचा, वर क्रीम आणि फळं. (आईला अंड्याचं सांगू नकोस.)

जेवायला आणखी काही नर्स आणि आमची मेट्रनही होती. मेट्रन ऑस्ट्रेलियाची. ती म्हणाली, "हा मूळचा आमचा."

"छे, आमचाच! माझी आजी करायची," मॉरीन म्हणाली.

दोघी हट्टाला पेटल्या. शेवटी मेट्रन म्हणाली, "शलाका, तूच सांग."

ताई, मला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवणं मेट्रनच्या हातात. मी म्हटलं, "ऑस्ट्रेलियाचाच." सगळ्या हसल्या. मॉरीन उठून स्वयंपाकघरात गेली.

काल तिची माफी मागितली. "कॉन्ट्रॅक्टच्या भीतीनं बोलले," म्हटलं.

ती म्हणाली, "तुझ्यासाठी मी मेट्रनकडे गेल्या महिन्यातच शब्द टाकला होता. ती तेव्हाच हो म्हणाली."

मला मान वर करवेना.

कॉन्ट्रॅक्ट वाढलं, एवढंच आईला सांग. बाकीचं तुझ्यापाशी ठेव.

तुझी,
शलाका