आपल्या दोघांचं वजन

प्रिय दादा,

तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. नंतर वाटलं, उचलला असतास तरी काय झालं असतं? मी तुझ्या स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांची चौकशी केली असती, तू आमच्या यांची, तुझ्या जावईबापूंची, थोडी टिंगल केली असतीस, दोघंही खो खो हसलो असतो आणि बोलायचं ते तसंच राहिलं असतं. म्हणून लिहायला बसलेय. पत्रात मधेच हसून विषय बदलता येत नाही, तेवढी एक सोय आहे. मलाही नाही आणि तुलाही नाही.

आधी इकडची खबर. पाळणाघर भरलेलं आहे. या वर्षी रडकी पोरं जास्त आली आहेत, आणि रडकं पोर म्हटलं की ते आपसूक माझ्याकडे ढकललं जातं. ती मला मऊ मावशी म्हणतात. दुपारी निजायच्या वेळी माझ्या मांडीवरून भांडणं होतात आणि एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक अशी तोडगा काढल्यासारखी मी पसरून बसते. बसच्या सीटवर मी बसले की शेजारचा माणूस अंग चोरतो, कपड्यांच्या दुकानात मुलगी लांबूनच मान हलवते, आणि इथे त्याच पोटावर डोकं ठेवायला रांग. मला माझ्या शरीराचा कधी राग आला नाही रे. येऊ शकला असता. तो आला नाही याला कारण तू.

शाळेतली ती वजनं घेणारी बाई आठवते? सगळ्या वर्गासमोर एकेकाला काट्यावर उभं करायची आणि आकडा मोठ्याने ओरडून सांगायची. माझी पाळी आली तेव्हा मी भिंतीला चिकटून उभी राहिले होते. तू वरच्या वर्गात होतास, कुणी तुला जाऊन सांगितलं देव जाणे, पण तू सरळ आत आलास, माझा हात धरलास आणि माझ्यासकट त्या काट्यावर चढलास. काटा पार टोकाला जाऊन थरथरत राहिला. ‘आता सांगा, यातलं तिचं किती आणि माझं किती,’ असं तू त्या बाईंना विचारलंस. वर्ग हसला, पण ते हसू वेगळं होतं. त्या दिवशी तुला ओणवं उभं केलं आणि मी दाराबाहेर तुझ्यासाठी थांबले. आई आपल्याला ‘माझी दोन गाठोडी’ म्हणायची. मी एकटंच गाठोडं असते तर माझं काय झालं असतं, ते मी अजून कधी कधी मनात येऊ देते आणि लगेच उठून काहीतरी कामाला लागते.

तर आता ती गोष्ट, जी मी तुला फोनवर धड सांगितलीच नाही. थंडी सरत होती तेव्हा आमच्या इमारतीत खालच्या छापखान्यात काहीतरी जळलं आणि जिन्यात धूर भरला. फार मोठं काही नव्हतं, पण ते आम्हाला नंतर कळलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मोठी पोरं एकमेकांची शर्टं धरून खाली गेली. अजून चालता न येणारी दोन बाळं माझ्याकडे होती, एकेका हातावर एकेक. मी अर्ध्या जिन्यात पोचले आणि गुडघे अडकले. श्वास म्हणशील तर नुसता आवाज, आत काहीच जाईना. मी कठड्याला टेकले, मग खाली बसले. दादा, मला उठता येईना. बाळं माझ्या गळ्याशी खोकत होती आणि मला उठता येत नव्हतं. आमची स्वयंपाकीण, जिच्यावर मी नेहमी ‘वाऱ्याने उडशील’ म्हणून हसते, ती उलटी वर धावत आली. ‘द्या ताई, द्या इकडे,’ म्हणाली आणि दोघांना उचलून घेऊन गेली.

पुढे सगळं नीट झालं. मलाही दोन माणसांनी धरून खाली आणलं. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. बाळांच्या आयांनी तर माझे हात हातात घेतले. पण बाळं गेल्यावर मी त्या पायरीवर जी काही थोडी मिनिटं रिकाम्या हातांनी बसले होते ना, ती माझ्यातून जात नाहीत.

त्यानंतर मी वजन उतरवायचं ऑपरेशन करणाऱ्या एका सर्जनबाईंकडे गेले. पहिल्यांदाच अशी डॉक्टर भेटली जी ‘तोंडावर ताबा ठेवा’ म्हणाली नाही. आजवर काय काय करून पाहिलं ते तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘म्हणजे प्रयत्न कमी पडलेले नाहीत.’ मला तिथेच रडू आलं. तिने कागदावर जठर काढून दाखवलं. बराचसा भाग काढून टाकतात, उरतो तो केळ्याएवढा. धोकेही तिने न लपवता सांगितले. टाक्यांतून गळती होऊ शकते, रक्ताची गुठळी होऊ शकते, गोळ्या आणि तपासण्या जन्मभर. ‘घाई करू नका, घरी बोला,’ म्हणाली.

घरी बोलले. तुझे जावईबापू चष्म्याची काच पुसत बसले होते. म्हणाले, ‘मला तू अशीच आवडतेस.’ ते खरं आहे हे मला ठाऊक आहे, आणि तेवढ्यावर विषय संपेल असं मलाही वाटलं होतं. संपला नाही. मी विचारलं, ‘मग भीती कशाची वाटते, ऑपरेशनची की न करण्याची?’ ते कितीतरी वेळ ती एकच काच पुसत राहिले. मग म्हणाले, झोपेत तुझा श्वास थांबतो तेव्हा तो परत सुरू होईपर्यंत मी मोजत असतो. इतकी वर्षं हा माणूस शेजारी जागा असतो आणि सकाळी मलाच विचारतो, झोप लागली ना नीट?

तरी माझं ठरत नव्हतं. दवाखान्यात एक बाई भेटली, गाडी चालवायला शिकवते ती, तिचं हेच ऑपरेशन होऊन दोन वर्षं झालेली. मी विचारलं तर म्हणाली, ‘लोक म्हणतील सोपी वाट धरली. त्यांना एकदा चार घासांनंतर थांबून दाखवायला सांगा.’ केस गळले, पाण्याचासुद्धा घोट घोट करावा लागला, सुरुवातीला स्वयंपाकघरात उभं राहून रडू यायचं, असं सगळं तिने सांगितलं. आणि मग खाली वाकून आपल्या बुटाची नाडी बांधली, अगदी सहज, बोलता बोलता. मी बघतच राहिले.

पाळणाघरात मी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण पोरांना कसं कळतं कोण जाणे. एक चिमुरडी माझ्या पोटावर गाल ठेवून म्हणाली, ‘मावशी, तू बारीक झालीस तर मी कुठे झोपू?’ मलाही तेच विचारायचं होतं. ज्या शरीराने एवढ्या पोरांना निजवलं, त्याच्यावर सुरी चालवायची म्हणजे त्याला नावं ठेवल्यासारखं नाही का होत? फार दिवस मी इथेच अडकून होते. मग हळूहळू उमगलं की त्याच्यावर माझी माया आहे म्हणूनच हे करायचंय. त्याला जिन्यात तसं बसलेलं मला पुन्हा बघवणार नाही.

आता तुझं. मी तुला फोनवर ऑपरेशनचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आधी तू ‘काढलेलं जठर मला पाठव, माझ्याकडे जागा आहे’ म्हणालास. मी हसले. मग तू एकदम वेगळ्याच आवाजात म्हणालास, ‘म्हणजे आता मी एकटाच का?’ आणि फोन ठेवलास. त्यानंतर तुझा फोन नाही. मला राग आलेला नाही, खरंच नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं, फक्त धीर झाला नसता.

तुलाही कर म्हणून मी सांगणार नाही. तुझं शरीर तुझं. पण बाबा स्टुडिओचं शटर वर करताना गेले, तेव्हा ते तुझ्या आत्ताच्या वयाचे होते, आणि रोज सकाळी तेच शटर तू वर करतोस. हे मी आजवर बोलले नाही आणि पुन्हा बोलणारही नाही. तू सगळ्या घरादाराचे फोटो काढलेस, पण तुझा एकही फोटो माझ्याकडे नाही. कॅमेऱ्यामागे तुझं बरं चालतं, मला समजतं ते. तरी एक तरी काढून घे कुणाकडून तरी, माझ्यासाठी.

माझं ठरलंय, दादा. तारीख मिळाली आहे. त्याच्या आधी दोन आठवडे नुसतं पातळ खाऊन राहायचं, यकृत आकसावं म्हणून, आणि ते या सोमवारपासून सुरू होतंय. पुन्हा कधी ताट भरून जेवणं माझ्या नशिबात नाही. ऑपरेशनला तू येऊ नकोस, तुला दवाखान्याचा वास सहन होत नाही, आणि तिथे बाहेर बसायला जावईबापू आहेत. तू या रविवारी, पातळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, जेवायला ये. हे एवढं मोठं पत्र मी खरं तर तेवढ्यासाठीच लिहिलं. आयुष्यभर मी माणसांसमोर कमी जेवले, लग्नात, मैत्रिणींकडे, अगदी स्वतःच्या नवऱ्यासमोरसुद्धा पहिली काही वर्षं. दुसऱ्यांदा वाढून घेताना कोण बघतंय हे न बघता जेवले ती फक्त तुझ्यासमोर. शेवटचं पोटभर जेवण मला तुझ्याच समोर बसून जेवायचं आहे. यांना मी त्या दिवशी बाहेर पाठवणार आहे. काय करू ते कळव. नाही कळवलंस तरी मी दोघांचं करून ठेवते.

तुझीच,
धाकटी