फणेरपेटीच्या आरशामागचा कागद

प्रिय मोठी माय,

तू गेलीस तेव्हा मी तिसरीत होतो. तुला कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं, आणि लिहिलं तरी तुला वाचता येत नव्हतं, मग कशाला? पण उद्या चैत्र वद्य पंचमी आहे. ही तिथी तू जन्मभर का पाळलीस ते मला चार दिवसांपूर्वी कळलं. म्हणून लिहितोय.

ताईचं लग्न वैशाखात आहे. तिला द्यायची म्हणून मम्मीनं तुझी फणेरपेटी माळ्यावरून काढली. कुंकवाचा कप्पा, मेणाचा कप्पा, झाकणातला डागाळलेला आरसा, सगळं तसंच होतं. पुसता पुसता आरसा निखळला आणि मागून चार घड्या घातलेला एक कागद पडला. इंग्रजी, टाइप केलेला. वर पणजोबांचं नाव आणि पलटणीचा नंबर. खाली चार ओळी. प्रत्येक ओळीत एक तारीख आणि तीन अक्षरं. एम एस जी. डब्ल्यू डी डी. सी सी एस. डी ओ डब्ल्यू.

घरात कुणालाच काही कळेना.

पणजोबांचं नाव आपल्या घरात कसं घेतात ते तुला ठाऊक आहे. ब्रह्मदेशच्या लढाईतून पळाले, तिकडंच दुसरी बाई केली. शेजारच्या जसोंडीच्या कुणीतरी म्हणे त्यांना रंगूनच्या बाजारात पाहिलं होतं. आबा म्हणजे तुझा एकुलता एक मुलगा, आज ऐंशीच्या पुढं गेलाय. पण पितृपक्षात सगळ्यांचं पान वाढतो आणि स्वतःच्या बापाचं वाढत नाही. "पळपुट्याला कशाला घास?" म्हणतो.

आणि गेल्या वर्षापासून पप्पांना आणखी एक पळपुटा मिळालाय. मी.

तू मला भडक्या म्हणायचीस ना, तो तसाच राहिलाय बघ. इंदूरला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. श्रुती म्हणून एक मुलगी आहे. तिच्याबद्दल एक जण घाण बोलला, मी त्याचं नाक फोडलं. सर म्हणाले माफी माग. मी बॅग उचलली आणि थेट घरी निंबोल्याला आलो. पप्पा जेवताना सगळ्यांसमोर म्हणतात, "पणजोबावर गेलाय. अर्ध्यातून पळायचं रक्तातच आहे." आणि श्रुती? ती तर जास्तच चिडली. "तुला कुणी सांगितलं होतं माझ्यासाठी मारामारी करायला?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला तो ठेवलाच.

ती इतिहास शिकते. म्हणून कागदाचा फोटो तिला पाठवला. खोटं कशाला बोलू, निम्मं कारण कागद होता, निम्मं ती होती. त्या फोननंतर पहिल्यांदाच तिचा मेसेज आला. "युद्धातल्या नोंदींची अक्षरं आहेत. यादी शोधून देते."

संध्याकाळी यादी आली. मी पहिल्या ओळीची अक्षरं पाहिली. एम एस जी म्हणजे बेपत्ता. माझं डोकंच सणकलं. म्हणजे गाव म्हणतं तेच खरं. मी तिला लिहिलं, "सोड यार. पळालेच होते."

तिचं उत्तर आलं, "पुढच्या तीन ओळी कोण वाचणार?"

मग वाचल्या, माय. डब्ल्यू डी डी म्हणजे जखमी. बेपत्ता झाल्यावर सहा दिवसांनी ते जखमी अवस्थेत सापडले होते. सी सी एस म्हणजे आघाडीच्या मागचं ठाणं, जिथं जखमींना आधी आणून ठेवायचे. आणि डी ओ डब्ल्यू म्हणजे जखमांनी मृत्यू. ठाण्यावर आणल्याच्या नवव्या दिवशी. कसली रंगूनची बाजारपेठ आणि कसली बाई? नऊ दिवस एक माणूस तंबूत पडून होता, आणि इकडं गाव पहिल्याच ओळीवर थांबलं होतं. माझ्यासारखंच.

मोबाइलवर जुनं पंचांग मिळतं. त्या शेवटच्या तारखेची तिथी काढली. चैत्र वद्य पंचमी.

मी खाटेवरून उठूनच बसलो. कारण त्या दिवशी तू दरवर्षी दहीभात कालवायचीस. केळीच्या पानावर घेऊन बांधावर जायचीस. मला म्हणायचीस, "तू ठेव भडक्या, आबाचा गुडघा दुखतो." कावळा शिवेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाहीस. मी विचारायचो, आज काय आहे? तू म्हणायचीस, "काही नाही रे. उन्हाचे कावळे भुकेले असतात."

म्हणजे तुला माहीत होतं. कागद कुणीतरी तुला वाचून दाखवला होता. राजपुऱ्यातले तुझे मामा मास्तर होते, तेच असतील. आणि तू तो आरशामागं लपवलास. त्याच आरशात बघून रोज कुंकू लावत राहिलीस, मरेपर्यंत.

खरं सांगू? मला तुझा राग आला. नवऱ्याला गावानं पळपुटा म्हटलं ते तू म्हणू दिलंस. आबाला शाळेत पोरं "भगोडे का लडका" म्हणून दगड मारायची, तेही चालू दिलंस. एका कुंकवासाठी?

मम्मीसमोर मी असाच तणतणलो. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "वीस वर्षांची तरी होती का रे ती? कागद चारचौघांत वाचला असता तर सहा महिन्यांत दुसऱ्या घरी पाट लावून दिला असता तिचा. पोर या घरचं, म्हणून आबांना इथंच ठेवून घेतलं असतं. नवरा कुठंतरी जिवंत आहे म्हटल्यावर कोण पाट लावणार?"

मी तिच्याजवळ बसलो आणि गव्हातले खडे वेचू लागलो.

"आणि तिला दुसरा नसेल करायचा," मम्मी म्हणाली. "तेवढं तर तुला कळायला पाहिजे."

कळलं, माय. श्रुती मला पुन्हा हो म्हणेल की नाही माहीत नाही. पण दुसऱ्या कुणाचं नाव काढलं तरी मला घरातून उठून जावंसं वाटतं. तू तर उठून जाऊही शकत नव्हतीस. नांदलीस फक्त अकरा महिने, आणि त्याला पळपुटा म्हणू दिलंस, पण मेलेला म्हणू दिलं नाहीस.

प्रश्न आबाचा होता. बाप पळाला नव्हता हे सांगायचं, तर आईनं ते मरेपर्यंत लपवलं हेही सांगावं लागणार. या वयात त्याच्याकडून आईसुद्धा काढून घ्यायची? दोन दिवस मी कागद खिशात घेऊन फिरलो. मी, ज्याच्या पोटात दोन मिनिटं काही राहत नाही.

काल केळीला पाणी सोडून आबा बांधावर बसला होता. मी कागद दिला आणि चारही ओळी सांगितल्या. तुझ्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. आबा कागद उलटा-सुलटा करत राहिला.

"तिथी कोणती?"

मी सांगितली.

आबानं कागदाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाला, "माय मला या बांधावर आणायची. मी पाच वर्षांचा असेन तेव्हापासून. आंघोळ घालून. मी रडायचो, ऊन फार असायचं. भाताला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तुझ्याच हातानं ठेव."

"आबा..."

"मुलाच्या हातचा लागतो रे घास," आबा म्हणाला. "म्हणजे मी उपाशी नाही ठेवलं त्यांना. माय होती तोवर एकही वर्ष नाही. गुडघा गेला तेव्हा माझ्या जागी तू ठेवलास."

मग उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्यावरच खेकसला, "बघत काय बसलास? पाणी फुटलं तिकडं."

तर माय, उद्या दहीभात मम्मी कालवणार आहे. आबाला धरून मी बांधावर नेणार आहे, गुडघा दुखला तर उचलून नेईन. घास तोच ठेवेल. या वेळी पणजोबांचं नाव घेऊन, पलीकडच्या शेतात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आरसा मी परत बसवून दिलाय. पेटी ताईबरोबर जाईल, कागद माझ्याकडं राहील. आणि जूनमध्ये मी इंदूरला जाईन, त्या मुलाची माफी मागेन, राहिलेलं वर्ष पुरं करेन. श्रुती बोलो न बोलो. मला पहिल्या ओळीवर थांबायचं नाही. हे वचन तुला.

तुझा पणतू,
भडक्या